नवा बखरकार आणि अस्सल कागद

परीक्षा आणि पळवाट ही जोडगोळी शाळेइतकीच जुनी आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा गाईडे होती, 'अपेक्षित प्रश्नसंच' होते, वरच्या वर्गातल्या हुशार मुलाच्या वह्या होत्या. शिक्षक वर्गात गाईडाला शिव्या घालीत. त्यांतलेच काही फावल्या वेळात गाईडे लिहीतही असत. त्यामुळे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे प्रकरण जगापुढे आले आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत कॉलेजातल्या मुलांच्या मोबाईलमध्ये ते व त्याची भावंडे येऊन बसली, तेव्हा मला फारसा धक्का बसला नाही. मात्र गाईडापेक्षा हे प्रकरण वेगळे आहे, हे लवकरच ध्यानात आले. गाईड एकाच इयत्तेचे, एकाच विषयाचे असते. हा नवा मदतनीस कोणत्याही विषयावर, कोणत्याही वेळी, न थकता बोलतो. मराठीत बोलतो, कन्नडात बोलतो, आणि मुख्य म्हणजे कधी अडखळत नाही.

"मुलांनी याचा उपयोग करावा की नाही?" असा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. मी इतिहासाचा माणूस. नवे संकट आले की जुन्या दप्तरात काही सापडते का, हे पाहण्याची खोड मला आहे. आणि मराठी इतिहासलेखनाच्या दप्तरात या प्रश्नाचे उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे, असे माझे मत झाले आहे. ते वाचकांपुढे ठेवण्यासाठीच हा लेखप्रपंच.

*

आपल्याकडे इतिहास सांगण्याचा जुना प्रकार म्हणजे बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीच्या मुक्कामी १६९७ च्या सुमारास शिवचरित्र लिहिले. तो महाराजांच्या काळातला माणूस, म्हणून त्याच्या बखरीचे मोल मोठे. पुढे मल्हार रामराव चिटणिसाने १८११ च्या सुमारास आपली बखर रचली. तोपर्यंत महाराजांना जाऊन एकशे तीस वर्षे होऊन गेली होती. पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर तर मराठी गद्याचा दागिना म्हणावी अशी. बखरकाराची वाणी ओघवती. प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, संवाद कानांत घुमतात. पण तो संवाद ऐकायला बखरकार तिथे हजर होता काय? अमक्या लढाईत इतके हजार स्वार होते म्हणतो, ते कोणी मोजले? बखर या प्रश्नांना उत्तर देत नाही. ती पुढे सांगत जाते.

बखरीला प्रश्न विचारायला आपल्याला शिकवले कोणी? इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रांट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. पुढची चाळीस वर्षे तोच प्रमाण. इंग्रज साहेबाने लिहिलेले, छापलेले, जाडजूड. त्याला नावे ठेवणार कोण? १८६७ साली पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तेवीस वर्षांच्या कॉलेजविद्यार्थ्याने डफच्या ग्रंथावर टीका करणारा निबंध वाचला. हे विधान कशाच्या आधारावर? तो कागद कुठे आहे? साहेबाला आमचा समाज कितपत कळला? अशा अंगाने त्याने एका मान्यवर ग्रंथाची झडती घेतली. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. मराठीतील इतिहाससंशोधनाची पहाट ज्या मोजक्या घटनांनी झाली, त्यांत या निबंधाची गणना होते. आणि तो लिहिणारा कोणी पंडित नव्हता, विद्यार्थी होता.

त्याच वाटेने पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) गेले. वाईला सापडलेल्या पत्रांच्या आधारे १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतापर्यंतच्या काळातली ती अस्सल पत्रे. प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींतला मजकूर पत्रांशी ताडून पाहिला आणि बखरी कुठे कुठे घसरतात ते दाखवून दिले. या मालेचे बावीस खंड निघाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून, उंदरांनी कुरतडलेली रुमाले सोडवून त्या पिढीने एक शिस्त घालून दिली. ती एका वाक्यात सांगता येते: बखर ऐकावी, पण कागद पाहिल्यावाचून मानू नये.

या शिस्तीचे फळ काय ते एका उदाहरणावरून कळेल. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा, असे चिटणिसाच्या बखरीत होते आणि तेच पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेले. कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे काय? साल, तिथी, घटना. साल, तिथी, घटना. वाचायला घ्याल तर झोप येईल. पण त्या रुक्ष यादीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या शिवभारतातही हीच तिथी मिळाली. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर जुन्या तारखेचा पाया डळमळला. पन्नास पुस्तकांत १६२७ छापलेले होते, पण ती पन्नास पुस्तके म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हते. एकच साक्षीदार पन्नास तोंडांनी बोलत होता.

*

आता नव्या मदतनिसाकडे वळू. हे यंत्र काय करते, ते सोप्या शब्दांत सांगायचे तर असे: जगातला अफाट छापील व संगणकावरचा मजकूर त्याला वाचायला दिलेला असतो. त्यातून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ते शिकते आणि आपण प्रश्न विचारला की एकामागून एक शब्द जुळवीत उत्तर रचते. अलीकडे ते जाळ्यावर शोध घेऊन दुवेही देते. पण उत्तर रचण्याची मूळ रीत तीच. म्हणून त्याची भाषा ओघवती. म्हणूनच जे पुष्कळांनी लिहिले ते त्याला चांगले येते, आणि ज्याविषयी कोणी फारसे लिहिलेच नाही तिथे ते गप्प राहण्याऐवजी जवळपासचे काही तरी उचलून जागा भरून काढते.

वाचकहो, हा तर आपला बखरकारच की! शैली तीच, आत्मविश्वास तोच, आधार विचारला की होणारी पंचाईतही तीच. सभासदाला निदान आपण कोणासाठी, कुठे बसून लिहितो हे ठाऊक होते. या नव्या बखरकाराला तेही ठाऊक नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली काय घडले पाहा. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले दिले. न्यायाधीशांनी शोध घेतला, तर त्यांतले कित्येक निवाडे कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने पक्षकारांच्या नावांसकट ते रचले होते. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड केला. त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, हे निवाडे खरे आहेत ना, असे वकिलाने त्या यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होय म्हटले होते. बखरीचा खरेपणा बखरीलाच विचारल्यावर दुसरे काय होणार?

*

आमच्या जोयडा तालुक्याच्या बाबतीत हा धोका अधिक गडद आहे. त्याचे कारण आमच्या इतिहासाच्या कागदांत आहे.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, मग मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, जे आजचे कर्नाटक. त्याआधी या मुलखावर सोंद्याच्या राजांचा अंमल होता. हैदराने सोंदे घेतले तेव्हा तिथला राजा गोव्यात आश्रयाला गेला. म्हणजे आमची कागदपत्रे चेन्नई, मुंबई, बंगळूर आणि पणजी अशी चार दिशांना पांगलेली. काही इंग्रजीत, काही कन्नडात, काही मोडीत, काही पोर्तुगीजमध्ये. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या संशोधकाने गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवले म्हणून तिथल्या पोर्तुगीज कागदांतली मराठ्यांची हकीगत उजेडात आली. जोयड्याच्या वाट्याला असा कोणी राजवाडे आला नाही. १८८३ सालच्या मुंबई इलाख्याच्या कानडा गॅझेटियरपलीकडे सहज हाती लागावे असे छापील साहित्य थोडेच.

त्यातही मूळ सुपे गाव तर पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव तालुक्याचे ठाणे होते. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे सुपे धरण १९८७ मध्ये पुरे झाले; गाव बुडाले, ठाणे जोयड्याला आले, आणि कित्येक कुटुंबे रामनगरला व इतरत्र जाऊन वसली. देवळे, बाजार, शाळा, शिवार, सगळ्याची आठवण आता माणसांच्या डोक्यांत उरली आहे.

मागच्या चवथीला आमच्या शाळेतून गेलेली आणि आता धारवाडला बी.ए. करणारी एक मुलगी तिचा प्रकल्प दाखवायला आली. विषय तिनेच निवडलेला: 'सुपे गावाचा इतिहास'. टंकलेखन नेटके, भाषा सफाईदार. दुसऱ्याच परिच्छेदात सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीत असल्याचे लिहिले होते. पुढे रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीचा उल्लेख. मी ओळखले. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे पुणे जिल्ह्यात बारामतीकडे. औद्योगिक वसाहतीचे सुपे अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यात. आणि आमचे सुपे काळीच्या पाण्यात. तीन गावांची एक गोधडी शिवून यंत्राने तिच्या अंगावर घातली होती. शेवटी तीन ग्रंथांची नावे होती. त्यांतला एक मला कोणत्याच ग्रंथसूचीत सापडला नाही.

"सर, मराठीत इतकं छान लिहून आलं होतं," ती म्हणाली.

"छानच आहे," मी म्हणालो. "पण तुझी आजी कुठल्या गावची गं?"

"सुप्याचीच. आता रामनगरला असते."

"तिला विचारलंस?"

तिने मान हलवली. तिला दोष देऊन काय उपयोग? तिच्या हातात जगाचे ज्ञान आहे असे सगळे जग तिला सांगत होते. तिच्या आजीजवळ ज्ञान आहे असे कोणी सांगितले नव्हते.

ती रामनगरला गेली. आजीला काय विचारावे याची प्रश्नावली करायला तिने तेच यंत्र वापरले, आणि ते मला पूर्ण पसंत पडले. त्याने सुचवलेल्या चाळीस प्रश्नांतले दहा-बारा निरुपयोगी होते, ते तिने गाळले; बाजाराचा वार, नदी ओलांडायची सोय, देव हलवले तेव्हाचे विधी असे आपले प्रश्न घातले. आजी कोंकणीत बोलली. मुलीने ते ऐकून लिहून काढले, मराठी केले, तारीख घातली, सांगणाऱ्याचे वय घातले. हा झाला अस्सल कागद. जेध्यांच्या शकावलीसारखाच रुक्ष, आणि तितकाच मोलाचा.

*

मी यंत्राच्या विरोधात नाही. असूही नये. आमच्या भागातले मूल घरी कोंकणी बोलते, शाळेत मराठी किंवा कन्नड शिकते आणि कॉलेजात गेल्यावर एकदम इंग्रजी पुस्तकांच्या भिंतीवर आदळते. शहरातल्या मुलाला शिकवणीचे मास्तर असतात, घरात विचारायला शिकलेले काका असतात. इथल्या मुलाला कोण? रात्री दहा वाजता अर्थशास्त्रातली एखादी संकल्पना त्याच्याच भाषेत तीनदा समजावून सांगणारा, न रागावणारा मदतनीस ही आमच्यासाठी चैनीची वस्तू नाही. जंगलातल्या वाडीवर वीज आणि रेंज टिकली तर हे यंत्र कित्येक पिढ्यांचे अंतर कमी करील. म्हणूनच ते वापरायचे कसे, हे ठरले पाहिजे.

बखरीच्या शिस्तीतून मला सुचतात त्या गोष्टी अशा. पहिली, प्रश्न आपला असावा आणि पहिले पान आपण लिहावे. मग यंत्राला दाखवून उणिवा विचाराव्यात. मुलाने स्वतः काही मांडलेच नाही तर ताडून पाहायचे काय? दुसरी, समजून घेण्यासाठी, भाषांतरासाठी, उजळणीचे प्रश्न काढण्यासाठी ते खुशाल वापरावे. पण त्याने दिलेले प्रत्येक नाव, साल, आकडा आणि ग्रंथ मूळ ठिकाणी जाऊन पाहावा. दुवा दिला असेल तर तो उघडून वाचावा. दोन साक्षीदार स्वतंत्र आहेत ना, हेही पाहावे. तिसरी, मदत घेतली असेल तर शेवटी दोन ओळींत सांगावे: कुठे घेतली, किती घेतली. आपण ग्रंथपालाचे, मित्राचे आभार मानतोच ना? यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. चौथी, शिक्षकाने वा विद्यापीठाने घातलेला नियम आधी विचारून घ्यावा. पाचवी, दुसऱ्याच्या घरची कागदपत्रे, आजारपणे, आधार क्रमांक असले काही त्या यंत्राच्या पोटात घालू नये; ते आपले नसते.

या नियमांची जबाबदारी मुलांवर टाकून आम्ही शिक्षक मोकळे होऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांत साम्य किती टक्के यावर शिक्षा ठरते: दहा टक्क्यांपर्यंत माफी, साठाच्या वर प्रबंध असेल तर नोंदणीच रद्द. पण हे साम्य म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य. यंत्राने ताजा रचलेला मजकूर कोणाशीच जुळत नाही. तो या चाळणीतून सहज निसटतो. मग यंत्राचे लेखन ओळखणारे दुसरे यंत्र आणावे, तर तेही भरवशाचे नाही. चॅटजीपीटी ज्यांनी बनवले त्या ओपनएआय कंपनीनेच आपले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. २०२४ साली हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठातील कायद्याचा विद्यार्थी उच्च न्यायालयात गेला. उत्तरे यंत्राची आहेत असे ठरवून त्याला नापास केले होते. उत्तरे माझीच आहेत आणि यंत्र वापरू नये असा स्पष्ट नियमही नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले. खरे कोण, खोटे कोण, हा निवाडा मी करणार नाही. नियम आधी लिहिलेला असता तर दोघांचाही मनस्ताप वाचला असता, एवढे मात्र दिसते.

माझ्या मते जुनाच उपाय खरा. मुलाला समोर बसवावे आणि विचारावे, "हे तुला कुठे सापडले?" पाच मिनिटांत दूध आणि पाणी वेगळे होते. त्यासाठी शिक्षकाने निबंध वाचलेला असावा लागतो, ही या उपायातली खरी अडचण. तीस-तीस वर्षे तेच सहा विषय फळ्यावर लिहून देणाऱ्या आम्हा लोकांना मुले यंत्राकडून उत्तरे घेतात याचा राग यावा, हे जरा नवलच. गाईडात उत्तर मिळते तो प्रश्न गाईडासाठीच काढलेला असतो. "शिवाजी महाराजांचे राज्यकारभारविषयक धोरण" यावर यंत्र क्षणात चार पाने लिहील. "तुमच्या वाडीतल्या शाळेची पहिली हजेरी मिळवा आणि त्यात कोणत्या घरांतल्या मुली आहेत ते सांगा" यावर त्याला लिहिता येणार नाही; मुलाला उठून जावे लागेल.

आणखी एक भीती बोलून दाखवतो. ही यंत्रे जाळ्यावरच्या मजकुरावर वाढतात. आज एखाद्या मुलाने तीन सुप्यांची गोधडी प्रकल्प म्हणून दिली, कोणी ती जाळ्यावर चढवली, तर उद्याचे यंत्र तीच वाचून शिकेल आणि परवाच्या मुलाला आणखी ठामपणे सांगेल. १६२७ ची तारीख अशीच पुस्तकांतून पुस्तकांत गेली होती. ती दुरुस्त करायला जेध्यांच्या घरात एक शकावली शिल्लक होती. आमच्या सुप्याची शकावली अजून लिहिलीच गेलेली नाही. गाव उठले तेव्हा जी माणसे विशीत होती, ती आता पासष्टी ओलांडत आहेत. जी चाळिशीत होती, त्यांतली थोडीच उरली. उळवीच्या यात्रेच्या जुन्या वाटा, कुणब्यांच्या कंदांची नावे, कॅसल रॉकच्या रेल्वेवर राबलेल्या घराण्यांच्या हकिगती, हे सारे याच वयाच्या तोंडांत आहे. या नावाचे शहर अमेरिकेतल्या कोलोरॅडोतही आहे. यंत्राला कॅसल रॉक विचाराल तर कदाचित ते तुम्हाला तिकडे घेऊन जाईल.

कीर्तने तेवीस वर्षांचे होते. आमची मुलेही त्याच वयाची आहेत, आणि डफ साहेबापेक्षा कितीतरी अधिक बोलणारा ग्रंथ त्यांच्या खिशात आहे. त्याला जरूर विचारावे, आणि तो बोलून थांबला की कीर्तन्यांचाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा: कागद कुठे आहे? कागद नसेल, तर वही-पेन घेऊन रामनगरच्या गाडीत बसावे. तो कागद लिहायला अजून थोडी वर्षे हातात आहेत.